चतुर्मार्गी ध्वनिमुद्रिका : ओळख, श्रवण आणि विक्री

ध्वनिमुद्रिकांच्या जुन्या संग्रहात, मग तो १९६५ नंतर अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या एखाद्या डॉक्टराने वा इंजिनीअराने हौसेने जमवलेला असो, मुंबईच्या चोरबाजारातून एकेक नग पारखून आणलेला असो, किंवा आप्ताच्या पश्चात वारसाहक्काने पदरी आलेला असो, कधीकधी अशी एखादी तबकडी हाती लागते, की जिच्या कव्हरावर ‘क्वाड्राफोनिक’ अथवा ‘क्वाड्राडिस्क’ अशी अक्षरे ठळकपणे छापलेली असतात, आणि जी घरातल्या साध्या स्टीरिओ यंत्रावर लावली असता इतर कोणत्याही तबकडीसारखीच वाजते. तेव्हा ती अक्षरे म्हणजे त्या काळच्या जाहिरातबाजीचा अवशेष असावा असे मानून मालक ती तबकडी इतर पन्नास तबकड्यांबरोबर ठोक भावाने देऊन टाकतो. किंवा याच्या उलट, अशा मुद्रिकांना परदेशात मोठी किंमत येते एवढे कोठेतरी ऐकून, तिची कसलीही परीक्षा न करता, भलताच दर लावून बसतो. पहिल्या प्रकारात विकणाऱ्याचे नुकसान होते, दुसऱ्यात घेणाऱ्याचे. आणि दोन्ही प्रकारांत त्या मुद्रिकेत चार मार्गांनी साठवलेले संगीत कोणाच्याच कानी पडत नाही, हे नुकसान सर्वांत मोठे.

या लेखात मला जे सांगावयाचे आहे त्याचे सार एवढेच, की चतुर्मार्गी मुद्रिका आधी ओळखावी, मग तिच्या पद्धतीप्रमाणे ऐकावी, आणि ऐकल्यानंतरच विकावी. हा क्रम केवळ शिस्तीखातर नाही. इतर तबकड्यांचे बहुतेक दोष उजेडात धरून पाहिले असता डोळ्यांना दिसतात. चतुर्मार्गी मुद्रिकांच्या एका महत्त्वाच्या वर्गाचा मुख्य दोष मात्र दिसतच नाही, तो ऐकूनच कळतो. आणि म्हणून या व्यवहारात विक्रेत्याच्या शब्दाला जे वजन आहे, ते जुन्या मालाच्या अन्य व्यवहारांत क्वचितच असेल.

दोन भिंतींत चार मार्ग

स्टीरिओ तबकडीच्या खाचेला दोन भिंती असतात. डाव्या मार्गाचा ध्वनी एका भिंतीवर व उजव्या मार्गाचा दुसरीवर कोरलेला असतो, आणि सुई त्या दोहोंचे कंप एकाच वेळी उचलते. १९७० च्या दशकाच्या आरंभी, श्रोत्याच्या पुढे दोन व पाठीमागे दोन असे चार स्पीकर मांडून सभागृहाचा सारा अवकाश घरातल्या खोलीत उभा करावा, अशी आकांक्षा अमेरिका, जपान आणि ब्रिटन येथील कंपन्यांनी धरली, तेव्हा भिंती दोन आणि मार्ग चार हा हिशेब जुळवायचा कसा, हाच प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्याची उत्तरे मुख्यतः दोन प्रकारची निघाली, आणि आज हाती येणारी जवळजवळ प्रत्येक चतुर्मार्गी तबकडी या दोहोंपैकी एका प्रकारात बसते.

पहिला प्रकार मॅट्रिक्स पद्धतीचा. मागील दोन मार्गांचे ध्वनी पुढील दोन मार्गांत विशिष्ट प्रमाणात आणि विशिष्ट कलांतराने, म्हणजे लहरीच्या चढउताराची वेळ ठराविक अंशांनी मागेपुढे सरकवून, मिसळावयाचे, आणि वाजवताना डीकोडर नावाच्या यंत्राने त्या कलांतराच्या आधारे ते पुन्हा वेगळे काढावयाचे, अशी ही योजना. दोन लिफाफ्यांत चार पत्रे घालावीत आणि कोणते पत्र कोणाचे हे त्याच्या घडीवरून ओळखावे, तशी. अमेरिकेतील सीबीएस कंपनीने १९७१ मध्ये आणलेली एसक्यू पद्धत आणि जपानमधील सान्सुई कंपनीची क्यूएस पद्धत या वर्गातल्या दोन प्रमुख पद्धती होत. एसक्यूमध्ये पुढचा डावा व पुढचा उजवा हे मार्ग एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे राहतात, मागचे दोनही तसेच राहतात, परंतु साध्या डीकोडरने पुढचे आणि मागचे मार्ग परस्परांपासून जेमतेम ३ डेसिबलांनीच विलग होतात. क्यूएसमध्ये समोरासमोरच्या कोपऱ्यांतील मार्ग पूर्ण अलग, पण शेजारच्या कोणत्याही दोन मार्गांत तीच ३ डेसिबलांची तफावत. पुढे कोणत्या दिशेचा ध्वनी त्या क्षणी प्रबळ आहे हे ओळखून इतर दिशांकडील गळती दाबणारी ‘लॉजिक’ मंडले निघाली, आणि एसक्यूसाठी ‘टेट’ प्रणालीच्या व क्यूएससाठी सान्सुईच्या ‘व्हेरिओमॅट्रिक्स’ प्रणालीच्या डीकोडरांनी ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढली.

दुसरा प्रकार सीडी-४ पद्धतीचा. जपानच्या जेव्हीसीने ती विकसित केली, आणि अमेरिकेत आरसीएने ‘क्वाड्राडिस्क’ या नावाने तिचा पुरस्कार केला. येथे मिसळून पुन्हा निवडण्याचा प्रकार नाही. खाचेच्या प्रत्येक भिंतीवर त्या बाजूच्या पुढच्या व मागच्या मार्गांची बेरीज नेहमीच्या ध्वनीच्या रूपाने, सुमारे १५ किलोहर्ट्‌झपर्यंत, कोरलेली असते. आणि त्याच भिंतीवर, माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या मर्यादेपलीकडे, ३० किलोहर्ट्‌झच्या वाहकलहरीवर त्या दोन मार्गांची वजाबाकी आरूढ केलेली असते. बेरीज आणि वजाबाकी दोन्ही हाती आल्या की डीमॉड्युलेटर नावाचे यंत्र चारही मार्ग खरोखर स्वतंत्र करून देते. ही वाहकलहर उचलण्यासाठी सुईला सुमारे ४५ किलोहर्ट्‌झपर्यंतचे कंप ग्रहण करावे लागतात, आणि त्याकरिता जेव्हीसीच्या नोरिओ शिबाता यांनी जी विशेष आकाराची सुई तयार केली, ती आजही ‘शिबाता’ याच नावाने बाजारात मिळते आणि चतुर्मार्गी ध्वनीशी ज्यांचा काहीही संबंध नाही असे स्टीरिओचे रसिकही ती आवडीने वापरतात.

परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धतींची ही स्पर्धा, चार स्पीकर व जादा ॲम्प्लिफायर यांचा खर्च, आणि एकाच मुद्रिकेच्या स्टीरिओ व चतुर्मार्गी अशा दोन आवृत्त्या दुकानात ठेवण्याची विक्रेत्यांची नाखुशी, यांमुळे दशक संपण्यापूर्वीच हे उत्पादन जवळजवळ बंद पडले. म्हणजे जो माल आज उपलब्ध आहे तो थोड्या वर्षांत निघालेला आहे.

पद्धत कशी ओळखावी

तबकडी चतुर्मार्गी आहे एवढे कळणे पुरेसे नाही. ती कोणत्या पद्धतीची आहे हे कळल्याखेरीज ना ती नीट ऐकता येते, ना तिचा प्रामाणिकपणे सौदा करता येतो. प्रथम कव्हराचा दर्शनी भाग, मग पाठ, मग तबकडीच्या मध्यावरील लेबल, या क्रमाने पाहावे. ‘एसक्यू’ अक्षरांचे चिन्ह असेल तर प्रश्न मिटला. ‘क्यूएस’ अथवा ‘रेग्युलर मॅट्रिक्स’ असा उल्लेख असेल तर ती सान्सुईच्या पद्धतीची. ‘क्वाड्राडिस्क’ किंवा ‘सीडी-४’ असे लिहिले असेल तर ती वाहकलहरीची.

यापुढचा पुरावा कॅटलॉग-क्रमांकाचा, आणि तो टिपून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. कोलंबियाच्या चतुर्मार्गी आवृत्त्यांच्या क्रमांकाआधी ‘सीक्यू’ किंवा ‘पीसीक्यू’ ही अक्षरे, त्याच कंपनीच्या अभिजात संगीताच्या मालिकेत ‘एमक्यू’, ब्रिटनमधील ईएमआय-हार्वेस्टच्या रॉक मुद्रिकांवर ‘क्यू४एसएचव्हीएल’, आरसीएच्या लोकप्रिय संगीतावर ‘एपीडी१’ व अभिजात संगीतावर ‘एआरडी१’, आणि वॉर्नरच्या पुष्कळ मुद्रिकांवर ‘बीएस४’ अशी अक्षरे आढळतात. येथे एका फसगतीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. ‘ईक्यू’ ही अक्षरे एपिक कंपनीनेही वापरली आणि एलेक्ट्रा-असायलम यांनीही वापरली. परंतु एपिकच्या मुद्रिका एसक्यू पद्धतीच्या, तर एलेक्ट्राच्या सीडी-४ पद्धतीच्या. जेफ बेक ग्रुपच्या ‘रफ अँड रेडी’चा क्रमांक ईक्यू ३०९७३ आणि ‘द बेस्ट ऑफ द डोअर्स’चा ईक्यू ५०३५, अक्षरे एकच असली तरी दोहोंच्या यंत्रणा सर्वस्वी भिन्न आहेत. केवळ अक्षरांवरून अनुमान न बांधता कंपनीचे नाव आणि पूर्ण क्रमांक ही दोन्ही पाहावीत, हाच यातला बोध.

आणखी एक गोष्ट. ब्रिटनमधील ईएमआयच्या अभिजात संगीताच्या अनेक मुद्रिका स्टीरिओ व चतुर्मार्गी अशा वेगळ्या न काढता एसक्यू चिन्हासह एकच आवृत्ती म्हणून विकल्या गेल्या. त्या संख्येने पुष्कळ आहेत, आणि चिन्ह पाहून त्यांना दुर्मीळ मानणे रास्त नव्हे. श्रवणाच्या दृष्टीने त्या उत्तम असू शकतात. बाजारभावाच्या दृष्टीने मात्र त्या साध्याच होत.

श्रवणाची तजवीज

प्रथम स्पीकरांविषयी. चारही स्पीकर शक्यतो एकाच जातीचे असावेत, कारण या मुद्रिकांच्या निर्मात्यांनी मागच्या मार्गांना पुढच्यांइतकीच पूर्ण योग्यता दिलेली असते. चित्रपटाच्या सराउंड संचातले मागचे लहान स्पीकर त्यासाठी अपुरे पडतात. खोलीच्या चार कोपऱ्यांकडे एकेक स्पीकर मांडून श्रोत्याने मध्यभागी बसावे, चारही तारांचे धन व ऋण टोक एकाच रीतीने जोडले आहे याची खातरजमा करावी, आणि चारहींचा आवाज बसण्याच्या जागी समान येईल असा जुळवून घ्यावा. एका स्पीकरची तार उलटी जोडली गेली, तर दिशाभान ढळते, आणि दोष मुद्रिकेचा की मांडणीचा हे उमगत नाही.

मॅट्रिक्स मुद्रिकांसाठी जोडणी सोपी आहे. नेहमीचे टर्नटेबल, नेहमीचा फोनो प्रीॲम्प्लिफायर, त्यानंतर डीकोडर, आणि तेथून चार मार्ग ॲम्प्लिफायरकडे. सुई शिबाताच असली पाहिजे अशी अट येथे नाही. परंतु कार्ट्रिज सरळ उभे बसवलेले असणे नितांत आवश्यक आहे, कारण ते एका बाजूस झुकले तर डाव्या-उजव्या मार्गांची एकमेकांत गळती होते आणि ज्या सूक्ष्म कलांतरावर सारा निवाडा अवलंबून आहे तेच बिघडते. जुने डीकोडर मिळणे दुर्घट झाले असेल तर ऑस्ट्रेलियातील इन्व्हॉल्व्ह ऑडिओ कंपनीचा ‘सराउंड मास्टर’ हा अलीकडचा डीकोडर एसक्यू आणि क्यूएस या दोन्ही पद्धती उलगडतो. घरच्या सिनेमा-ॲम्प्लिफायरमधील डॉल्बी प्रो लॉजिक २ क्यूएस मुद्रिकांवर बऱ्यापैकी काम देते, कारण त्या दोन पद्धतींच्या गणितात जवळीक आहे. एसक्यूचे गणित निराळे असल्याने तेथे त्याच्यावर विसंबू नये.

सीडी-४ ची जोडणी अधिक काटेकोर. टर्नटेबलची तार थेट डीमॉड्युलेटरमध्ये जावयास हवी. मध्ये साधा फोनो प्रीॲम्प्लिफायर येता कामा नये, कारण ते काम डीमॉड्युलेटर स्वतःच करतो, आणि त्याच्याकडून निघालेले चार मार्ग ॲम्प्लिफायरच्या लाइन-इनपुटला जोडावयाचे असतात. टर्नटेबलपासूनच्या तारेची धारिता, म्हणजे कपॅसिटन्स, १०० पिकोफॅरडच्या आत असावी. लांब आणि हलक्या प्रतीच्या तारेत वाहकलहर वाटेतच क्षीण होते. सुई शिबाता किंवा तत्सम घडणीची हवी. डीमॉड्युलेटरवर वाहकलहर सापडल्याची खूण म्हणून एक दिवा असतो. तो तबकडीभर अखंड तेवत राहिला तर पाया ठीक आहे असे समजावे, आणि त्यानंतर डाव्या व उजव्या बाजूंचा अलगाव नियंत्रक खुंट्या फिरवून जुळवावा. त्या काळी यंत्राबरोबर यासाठी एक चाचणी-तबकडी दिली जात असे. ती जुन्या सामानात सापडली तर टाकून देऊ नये, तिचे मोल यंत्राइतकेच आहे.

आता वीजपुरवठ्याविषयी, कारण भारतातल्या वाचकाला ही अडचण हमखास भेडसावते. अमेरिकेतील यंत्रे १२० व्होल्टची आणि जपानमधील देशांतर्गत यंत्रे १०० व्होल्टची असतात. आपल्याकडे २३० व्होल्ट. यंत्राच्या पाठीवर व्होल्टेज बदलण्याची सोय असेल तर उत्तम, नसेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. परंतु ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, पुरवठ्याची कंप्रता बदलत नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्‌झ आणि आपल्याकडे ५०. ज्या टर्नटेबलची मोटर पुरवठ्याच्या कंप्रतेवर चालते ते येथे पाच-षष्ठांश गतीने, म्हणजे मिनिटाला ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे घेत फिरेल. सर्व स्वर उतरतील, आणि सीडी-४ ची ३० किलोहर्ट्‌झची वाहकलहर २५ किलोहर्ट्‌झवर येऊन डीमॉड्युलेटरच्या हाती लागणार नाही. म्हणून ५० हर्ट्‌झसाठीची पुली बदलून घ्यावी, किंवा क्वार्ट्झ-नियंत्रित डायरेक्ट-ड्राइव्ह टर्नटेबल वापरावे. वर्षानुवर्षे बंद पडून असलेला जुना रिसीव्हर घरी आणल्याबरोबर प्लगला लावू नये; त्यातले कपॅसिटर जाणत्या तंत्रज्ञाकडून आधी तपासून घ्यावेत.

काय ऐकावे

यंत्रणा सिद्ध झाल्यावर कोणत्या मुद्रिकेने आरंभ करावा, असे कोणी विचारले तर मी आधी त्या मुद्रिकांकडे बोट दाखवीन, की ज्यांत चार दिशा ही संगीताचीच गरज आहे. ई. पॉवर बिग्ज यांनी जर्मनीतील फ्रायबुर्ग कॅथेड्रलच्या चार ऑर्गनांवर वाजवलेल्या बाखच्या चार टोकाटा व फ्यूगांची कोलंबियाची मुद्रिका या बाबतीत अग्रगण्य आहे. ते चार ऑर्गन मुळातच वास्तूच्या निरनिराळ्या भागांत बसवलेले असून एका ठिकाणाहून वाजवता येतात, आणि म्हणून एका दिशेने आलेल्या स्वरसमूहाला दुसऱ्या दिशेने मिळणारे उत्तर ही त्या वास्तूचीच वस्तुस्थिती आहे, ध्वनिमुद्रकाची करामत नव्हे. पियर बुलेझ यांनी न्यूयॉर्क फिलहार्मनिककडून वाजवून घेतलेली बार्टोकची ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ याहून धाडसी. तेथे वादकांना संचालकाभोवती बसवून श्रोत्याला जणू संचालकाच्या जागी उभे केले आहे, आणि वाद्यांच्या ज्या संवादासाठी ही रचना ख्यात आहे तो येथे चहूकडून चालतो. जपानचे इसाओ तोमिता यांनी सिंथेसायझरवर सिद्ध केलेली देब्युसीच्या रचनांची ‘स्नोफ्लेक्स आर डान्सिंग’ ही १९७४ ची मुद्रिका सीडी-४ पद्धतीने ऐकली म्हणजे स्वरांना जागा असते याचा प्रत्यय येतो.

रॉक संगीतात पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चे ॲलन पार्सन्स यांनी केलेले चतुर्मार्गी मिश्रण सर्वश्रुत आहे. जॉन मॅकलॉफ्लिन यांना आपल्याकडील रसिक झाकीर हुसेन यांच्यासमवेतच्या ‘शक्ती’ या वाद्यवृंदामुळे ओळखतात. त्यांच्याच महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या ‘बर्ड्स ऑफ फायर’ची एसक्यू आवृत्ती ज्याच्या संग्रहात असेल, त्याने ती स्टीरिओ आवृत्तीशेजारी ठेवून एकदा अवश्य ऐकावी. चतुर्मार्गी आवृत्ती बहुधा मूळ बहुमार्गी फितींपासून स्वतंत्रपणे मिसळलेली असते. वाद्यांचे प्रमाण, क्वचित गाण्याचा शेवटही निराळा असतो. म्हणजे ही एका कृतीची दुसरी पाठपरंपरा आहे, आणि पाठभेदाची किंमत ज्याला कळते त्याला या संग्रहाचे महत्त्व निराळे पटवावे लागणार नाही.

न दिसणाऱ्या दोषाची परीक्षा

सीडी-४ मुद्रिकेचा दोष दिसत का नाही, हे आकड्यांनीच पाहावे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेत असता बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाने सरकते आणि शेवटच्या गाण्यापाशी सुमारे २० सेंटिमीटर वेगाने; त्या हिशेबाने ३० किलोहर्ट्‌झच्या लहरीची लांबी कडेला सुमारे १७ मायक्रॉन तर आतल्या बाजूस अवघी ७ मायक्रॉन भरते. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्याच १५ ते १८ मायक्रॉन. एवढे बोथट टोक एवढ्या बारीक नक्षीत शिरू शकत नाही, ते तिच्यावरून घासत जाते. आणि जड भाराच्या स्वस्त यंत्रावर तबकडी वारंवार वाजली असेल तर ती नक्षी पुसली जाते. कान ऐकतो तो बेरजेचा ध्वनी शाबूत राहतो, खाच आरशासारखी चकचकीत दिसते, आणि तरीही मागचे दोन मार्ग पुढच्यांपासून वेगळे काढण्याची सोय नष्ट झालेली असते.

यावरून परीक्षेची रीत आपोआप ठरते. प्रत्येक बाजूचे पहिले गाणे ऐकून समाधान मानू नये. शेवटचे गाणे, तेही त्यातला सर्वांत जोरकस भाग, डीमॉड्युलेटरमधून ऐकावा. वाहकलहर झिजली असेल तर तेथे वाळू घासल्यासारखी खरखर येईल, आघातस्वरांवर फाटका आवाज उमटेल, आणि दिवा लुकलुकेल किंवा विझेल. तरीही निर्णय देण्यापूर्वी तबकडी स्वच्छ धुऊन, सुईवरची धूळ काढून, हीच परीक्षा पुन्हा करावी, कारण खाचेतला मळही हुबेहूब हीच लक्षणे दाखवतो. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात धुण्याच्या सौम्य द्रावाचे चार थेंब, मऊ ब्रश, आणि नंतर पूर्ण वाळवणे, एवढ्याने पुष्कळशा ‘मृत’ समजलेल्या मुद्रिका पुन्हा बोलू लागतात. मॅट्रिक्स मुद्रिकांना हा धोका नाही. त्यांची सारी माहिती ऐकू येणाऱ्या ध्वनीतच असल्याने त्या साध्या स्टीरिओ तबकडीइतक्याच सोशिक असतात.

याच कारणाने अंकीय प्रत काढतानाही भेद करावा लागतो. एसक्यू वा क्यूएस मुद्रिकेची नेहमीच्या ४४.१ किलोहर्ट्‌झ नमुनादराची, ध्वनी न गाळणारी प्रत काढली तरी ती पुढे केव्हाही डीकोड करता येते. फाइल लहान करण्यासाठी ध्वनी गाळणाऱ्या पद्धतीत मात्र कलांतर दुखावते. सीडी-४ ची वाहकलहर टिकवावयाची तर किमान ९६ किलोहर्ट्‌झ नमुनादर हवा.

विक्रीचा व्यवहार

किंमत ठरवताना विक्रेते मागत असलेला दर पाहू नये; प्रत्यक्ष सौदा झालेला दर पाहावा. डिस्कॉग्ससारख्या नोंदणीस्थळी प्रत्येक आवृत्तीचे स्वतंत्र पान असते आणि तेथे झालेल्या विक्रीचे दर पाहता येतात; परंतु आपली प्रत नेमक्या त्याच देशाची, त्याच क्रमांकाची आणि त्याच पद्धतीची आहे ना, हे लेबल हाती धरून पडताळावे. एखादे चतुर्मार्गी मिश्रण पुढे अंकीय माध्यमात प्रसिद्ध झाले आहे काय, हेही पाहावे. इंग्लंडमधील डटन व्होकॅलियन यांनी अशी अनेक मिश्रणे सुपर ऑडिओ सीडीवर काढली आहेत, ऱ्हायनोने ‘क्वाडिओ’ मालिकेत ब्लू-रेवर काढली आहेत, आणि ‘द डार्क साइड ऑफ द मून’चे मिश्रण २०११ च्या ‘इमर्शन’ संचात समाविष्ट झाले. ज्याला केवळ ऐकावयाचे आहे तो ग्राहक तिकडे वळू शकतो. ज्याला मूळ मुद्रिका हवी आहे तो तुमच्याकडे येईल. दर या दुसऱ्या ग्राहकाचा विचार करून लावावा.

दर्जासाठी अमेरिकेतील ‘गोल्डमाइन’ नियतकालिकाने रूढ केलेली मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी ही श्रेणी सर्वत्र चालते. सीडी-४ मुद्रिकेला मात्र ही एकच श्रेणी देणे अपुरे आहे. तबकडीच्या दर्शनी स्थितीची एक आणि वाहकलहरीच्या स्थितीची दुसरी, अशा दोन नोंदी द्याव्यात. आणि ज्याच्याजवळ डीमॉड्युलेटर नाही त्याने दुसरी नोंद देण्याचा मोह टाळून ‘चतुर्मार्गी परीक्षा केलेली नाही’ असे स्पष्ट शब्दांत लिहावे. अशा लिहिण्याने किंमत थोडी उतरेल हे खरे. पण त्याने जी पत बसते ती पुढच्या प्रत्येक सौद्यात उपयोगी पडते. विक्रीच्या मजकुराचा एक नमुना पुढीलप्रमाणे ठेवता येईल :

‘पद्धत सीडी-४. कंपनी, देश व पूर्ण क्रमांक लेबलवरून उतरवून दिला आहे. तबकडी व्हीजी प्लस; पहिल्या बाजूस एक बारीक ओरखडा, ऐकू येत नाही. कव्हर व्हीजी, वरची शिवण दोन बोटे उसवलेली. आतले माहितीपत्रक आहे. धुऊन, शिबाता सुईने, डीमॉड्युलेटरवर दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या; दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात मागच्या डाव्या मार्गावर किंचित खरखर, इतरत्र वाहकलहर स्थिर. यापूर्वी कोणत्या सुईने वाजली याची माहिती नाही. मजकुराशी विसंगत आढळल्यास परत घेतली जाईल.’

असा मजकूर लिहिणाऱ्याशी जाणता ग्राहक दराची घासाघीस सहसा करीत नाही.

माल पाठवताना तबकडी कव्हराबाहेर काढून तिच्या आतल्या पिशवीसह कव्हराच्या पाठीशी ठेवावी, कारण कव्हरातच ठेवली तर वाटेतल्या हादऱ्यांनी ती आतून शिवण उसवते. दोन्ही बाजूंस पन्हळी पुठ्ठे, एकाच्या पन्हळी उभ्या व दुसऱ्याच्या आडव्या, असे ठेवून चारही कोपऱ्यांना मोकळी जागा राहील अशा बेताने बांधावे. विक्री होईपर्यंतचा सांभाळही विक्रीचाच भाग आहे. मुंबई, कोकण आणि गोवा येथल्या पावसाळ्यात कव्हरांना व खाचांना बुरशी चढते. माळ्यावरच्या उन्हाळ्यात तबकड्या वाकतात. म्हणून त्या उभ्या, भिंतीपासून थोड्या दूर, वारा खेळेल अशा कपाटात ठेवाव्यात, सिलिका जेलच्या पुड्या ऋतू बदलताना बदलाव्यात, आणि जुन्या चिकट प्लास्टिकच्या पिशव्या काढून पॉलिथिनच्या घालाव्यात. साधी गोल सुई लावलेल्या यंत्रावर सीडी-४ मुद्रिका ग्राहकाला ‘वाजवून दाखवण्यासाठी’ म्हणूनही चढवू नये. दाखवण्यातच माल खराब होईल.

या साऱ्या सूचनांच्या मुळाशी एकच विचार आहे. वाहकलहरीची झीज डोळ्यांना दिसत नाही, आणि तबकडी कोणत्या सुईखाली किती वेळा फिरली याचा दाखला तिच्यावर कोठेही कोरलेला नसतो. तो ठेवणे मालकाच्याच हाती असते. म्हणून संग्रह विकावयाचा असो वा नसो, प्रत्येक चतुर्मार्गी मुद्रिकेच्या पिशवीत एक लहानसे टिपण आजच घालून ठेवावे : पद्धत कोणती, केव्हा धुतली, कोणत्या सुईने ऐकली, काय आढळले. तुम्ही विकाल तेव्हा ग्राहकाला ते टिपण द्या, आणि त्याने त्याखाली आपली नोंद करावी असे सांगा. अशा नोंदींनी युक्त मुद्रिकेची किंमत तर वाढतेच. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की तिच्यातले चारही मार्ग पुढच्या श्रोत्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते, आणि संग्राहकाने मालकी मिरवण्यापेक्षा ही जबाबदारी पार पाडणे अधिक योग्य आहे, असे मला वाटते.